मल्लविद्या कशासाठीं ? : साधनांचा विचार व एक विनंति

मनुष्य कुस्ती, लाठी किंवा तलवारीचे हात शिकण्यास कां प्रवृत्त होतो, हा प्रश्न आपले संशोधक क्वचितच विचारतात. डावपेंचांचें वर्णन ग्रंथांत सांपडतें; परंतु आखाड्यांत उतरणाऱ्याचा हेतु कोणता, याचा उलगडा केवळ ग्रंथांवरून होत नाहीं. त्याकरितां निराळीं साधनें धुंडाळलीं पाहिजेत, हें या लेखाचें प्रतिपाद्य आहे.

प्रथम ग्रंथ घेऊं. सुश्रुतसंहितेंत व्यायाम येतो तो आरोग्यासाठीं. तोही आपल्या बलाच्या अर्ध्यापर्यंतच करावा, अशी मर्यादा तेथें घातली आहे. चालुक्य नृपति तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकांतील मानसोल्लासांत मल्लांची गणना राजाच्या विनोदांत केलेली असून त्यांच्या पोषणाचा भार राजावर आहे. बडोद्यास १९६४ सालीं प्रसिद्ध झालेल्या मल्लपुराणांत तीच विद्या ज्येष्ठीमल्ल ब्राह्मणांचा कुलधर्म म्हणून दिसते. अर्थात् आरोग्य, राजाश्रय व कुलधर्म असे तीन हेतु मिळतात. पण ते ग्रंथकारांनीं सांगितलेले. प्रत्यक्ष मल्लाचें मनोगत त्यांत नाहीं.

दुसऱ्या बाजीरावाच्या पदरचे बाळंभटदादा देवधर यांची कथा सर्वश्रुत आहे. परदरबारच्या पहिलवानांचें आव्हान त्यांनीं स्वीकारलें व मल्लखांबाच्या साधनेनें जिंकलें, अशी परंपरा सांगते. येथें हेतु दरबाराच्या अब्रूचा आहे.

आतां आपला भंडारा प्रांत पाहूं. हा मुलूख नागपुरकर भोसल्यांचा. लष्करांत व किल्ल्यांच्या शिबंदींत पोट भरणाऱ्यास शस्त्राचा हात ही उपजीविकाच होती. १८५३ मध्यें तिसरे रघूजी निवर्तले आणि राज्य कंपनीनें खालसा केलें. १८७८ च्या कायद्यानें परवान्यावांचून शस्त्र बाळगणेंही बंद झालें. पोट हाच एक हेतु असता तर आखाडे ओस पडावयास हवे होते. तसें झालें नाहीं. नागपंचमीच्या कुस्त्या चालूच राहिल्या. पुढें १९१४ सालीं शेजारच्या वऱ्हाडांत, अमरावतीस, वैद्य बंधूंनीं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापिलें, तेव्हां बलोपासनेस राष्ट्रकार्याचा अर्थ आला. १९३६ मध्यें मंडळाच्या पथकानें बर्लिनपर्यंत जाऊन देशी खेळ दाखविले. माती तीच, मारुतीही तोच. हेतु मात्र पालटला.

हा पालट गांवोगांव कसा झाला, हें कळण्याचें साधन म्हणजे घरगुती किरकोळ कागद : दंगलीच्या बक्षिसांच्या याद्या, वर्गणीचे हिशेब, वस्तादांच्या वह्या, मारुतीच्या उत्सवाचे जमाखर्च, पहिलवानांच्या नेमणुकांच्या नोंदी. दरमहा नेमणूक असल्यास चरितार्थ ओळखावा. पागोटें किंवा शेला दिला असल्यास मान. आणि वर्गणींत कोष्टी, शेतकरी, व्यापारी अशीं सर्व घरें आढळल्यास तो आखाडा साऱ्या गांवाच्या अभिमानाचा विषय होता असें समजावें. एकाच कागदावरून निर्णय करूं नये. निदान दोन पिढ्यांचे हिशेब ताडून पाहावे.

संग्राहक पोथी जपतात आणि तिच्याच बासनांतील हिशेबाचे बंद रद्दींत टाकतात. पवनी, मोहाडी, तुमसर, साकोली या बाजूस ज्यांच्या घरीं जुनीं दप्तरें असतील, त्यांनीं तीं न निवडतां जशींच्या तशीं ठेवावीं व त्यांची नक्कल मंडळाकडे पाठवावी, ही नम्र विनंति. पोथीची दुसरी प्रत कोठें तरी मिळते. अशा हिशेबाची दुसरी प्रत बहुधा नसतेच.