अठ्ठावन्नाव्या वर्षी विद्यापीठ

दापोलीजवळच्या मुरूडचे धोंडो केशव ऊर्फ अण्णा कर्वे पोरवयात परीक्षेसाठी घाट चढून साताऱ्याला पायी गेले, तर ‘वय लहान दिसतंय’ म्हणून त्यांना परत पाठवलं! पुढे अण्णांनी वयाचं फारसं मनावर घेतलं नाही. १९१६ मध्ये, ५८व्या वर्षी, महिला विद्यापीठ काढलं. सत्तरी ओलांडल्यावर जगाच्या सफरीला निघाले, बर्लिनमध्ये आइन्स्टाइनना भेटले. १९४४ मध्ये समता संघ काढला. तेव्हा वय ८६.

‘आता या वयात काय शिकणार?’ हे आपलं लाडकं वाक्य. मेंदूचं म्हणणं वेगळं आहे. नावं चटकन आठवत नाहीत हे खरं, पण शब्दसंग्रह साठीनंतरही चांगला टिकतो. स्मृतीचा कारभार पाहणारा हिपोकॅम्पस उतारवयात आकसतो. मात्र २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी प्रयोगात १२० ज्येष्ठांपैकी निम्मे जण वर्षभर, आठवड्यातून तीनदा, ४० मिनिटं झपझप चालले. त्यांचा हिपोकॅम्पस सुमारे २ टक्के वाढला. नुसते हातपाय ताणणाऱ्यांचा घटला. हिंगण्याच्या आपल्या आश्रमातून पुण्याला पायी ये-जा करणाऱ्या अण्णांना हे कुणी सांगावं लागलं नाही.

रत्नागिरीत मांडवीच्या जेट्टीवर संध्याकाळी ठाण मांडणाऱ्या मंडळींनी गप्पांआधी भाट्याच्या पुलापर्यंत एक फेरी मारायला हरकत नाही.