गुआम बेटाचा कौल

अमेरिकेच्या अध्यक्षाची निवडणूक दर चार वर्षांनी, नोव्हेंबरातील पहिल्या सोमवारनंतरच्या मंगळवारी होते. तो मंगळवार गुआम बेटावर फार लवकर उजाडतो. पॅसिफिक महासागरात, फिलिपाइन्सच्या पूर्वेस हे बेट आहे. तेथे रात्रीचे आठ वाजतात तेव्हा आपल्याकडे दुपारचे साडेतीन झालेले असतात आणि वॉशिंग्टनला पहाटेचे पाच. अमेरिकेचा दिवस आमच्याकडे सुरू होतो, असे गुआमचे लोक अभिमानाने सांगतात.

त्या दिवशी बेटावरची माणसे रांगेत उभी राहून आपल्या विधिमंडळाचे सभासद निवडतात. त्याच वेळी अध्यक्षपदाच्या उमेदवारांची नावेही त्यांच्यापुढे येतात. लोक खूण करतात, मतांची मोजणी होते, आकडे जाहीर होतात. आणि मौज अशी की, हे आकडे अमेरिकेच्या कोणत्याही बेरजेत धरले जात नाहीत! 1980 सालापासून हे असेच चालू आहे. आपल्याकडे देवाला कौल लावतात, तसाच हा एक कौल समजा. फरक इतकाच की, देवाचा कौल लोक मानतात. गुआमचा कौल मानण्याचे बंधन कोणावरही नाही.

असे का व्हावे? त्यासाठी अमेरिकेची पद्धत थोडी समजून घेतली पाहिजे. आपल्याला वाटते, तेथील नागरिक अध्यक्षाला थेट मत देतात. कायद्याने तसे नाही. नागरिक मत देतो ते आपल्या राज्यातील निर्वाचकांसाठी, आणि हे निर्वाचक मग अध्यक्ष निवडतात. ज्या राज्याचे प्रतिनिधिगृहात आणि सिनेटमध्ये मिळून जितके सभासद, तितके त्याचे निर्वाचक. सर्व मिळून 538 होतात, आणि ज्याला 270 मिळाले तो अध्यक्ष. वायोमिंग राज्याची लोकसंख्या सहा लाखांच्या आतच. पण ते राज्य आहे, म्हणून त्याला तीन निर्वाचक मिळतात.

आता घटनेतला शब्द नीट पाहा. निर्वाचक नेमायचे ते ‘राज्यांनी’. गुआम राज्य नाही, तो प्रदेश आहे. प्वेर्टो रिको, व्हर्जिन बेटे, उत्तर मारियाना बेटे आणि अमेरिकन सामोआ हेही असेच प्रदेश. पाचांची लोकसंख्या 2020 च्या शिरगणतीप्रमाणे छत्तीस लाखांच्या आसपास होती, आणि त्यांच्या वाट्याला निर्वाचक मात्र एकही नाही. राजधानी वॉशिंग्टनचीही एकेकाळी हीच गत होती. राष्ट्राचा अध्यक्ष त्या शहरात राहतो, पण तिथल्या रहिवाशाला त्याच्या निवडीत मत नव्हते! 1961 साली तेविसावी घटनादुरुस्ती झाली, राजधानीला तीन निर्वाचक मिळाले आणि 1964 मध्ये तेथील लोकांनी प्रथम अध्यक्षासाठी मत दिले. बेटांसाठी मात्र अशी दुरुस्ती झालेली नाही.

तुम्ही म्हणाल, ही परकी माणसे असतील, त्यांना मत कशाला? तसे मुळीच नाही. गुआम 1898 च्या युद्धानंतर स्पेनकडून अमेरिकेकडे आले. दुसऱ्या महायुद्धात डिसेंबर 1941 मध्ये जपानने ते घेतले, 1944 च्या उन्हाळ्यात अमेरिकन फौजांनी ते परत मिळवले. 1950 च्या कायद्याने तेथील लोक अमेरिकेचे नागरिक झाले. प्वेर्टो रिकोच्या लोकांना तर नागरिकत्व 1917 सालीच मिळाले. गुआमवर आज मोठे लष्करी तळ आहेत आणि तिथले तरुण अमेरिकन सैन्यात भरती होतात. त्या सैन्याचा सरसेनापती कोण? अध्यक्ष. ज्याच्या हुकमाने मुलगा रणांगणावर जायचा, तो माणूस निवडताना आईबापांना मत नाही. दुखणे आहे ते इथे.

गुआमच्या लोकांनी न्यायालयात दाद मागून पाहिली. 1984 साली अपील न्यायालयाने सांगितले की, घटनेने निर्वाचक राज्यांना दिले आहेत, आणि गुआम राज्य नसल्यामुळे त्याला ते मिळू शकत नाहीत.

यातून आणखी एक चमत्कारिक गोष्ट निघते. गुआमचा रहिवासी कॅलिफोर्नियात जाऊन स्थायिक झाला, की त्याला मत मिळते. उलट कॅलिफोर्नियाचा रहिवासी गुआमला राहायला गेला, तर त्याचे मत जाते. आणि तोच माणूस समजा आपल्या पुण्यात येऊन राहिला, तर? 1986 च्या कायद्याप्रमाणे त्याला आपल्या शेवटच्या राज्यात टपालाने मत देता येते. म्हणजे परदेशात गेलेल्याचे मत राहते आणि आपल्याच ध्वजाखालच्या बेटावर गेलेल्याचे मत बुडते!

मग या बेटांचा निवडणुकीत काहीच भाग नाही का? आहे, आणि तो सुरुवातीलाच आहे. अध्यक्षपदाचा उमेदवार कोण असावा हे पक्ष ठरवतात, घटना नव्हे. आणि पक्षांनी या प्रदेशांना आपल्या अधिवेशनात जागा दिली आहे. अधिवेशनात एकेका राज्याच्या नावाची हाक होते, तशी गुआमचीही होते, आणि तिथले प्रतिनिधी उठून आपली मते सांगतात. प्वेर्टो रिकोकडे तर कित्येक लहान राज्यांपेक्षा अधिक प्रतिनिधी असतात. 2008 साली डेमोक्रॅटिक पक्षात बराक ओबामा आणि हिलरी क्लिंटन यांची चुरस लागली होती. तेव्हा गुआममध्ये साडेचार हजारांवर लोकांनी मत दिले, आणि ओबामा जिंकले ते अवघ्या सात मतांनी. 2024 मध्ये अमेरिकन सामोआतील त्याच पक्षाच्या सभेत जो बायडन या विद्यमान अध्यक्षांना हार खावी लागली. म्हणजे लग्नाच्या याद्या करायला या मंडळींना आवर्जून बोलावणे असते. अक्षता टाकायची वेळ आली की मांडवाचे दार बंद!

दुसरा भाग कौलाचा. 1984 पासून 2012 पर्यंत दर वेळी गुआमने ज्याला कौल दिला, तोच अध्यक्ष झाला. 2016 साली हा मेळ चुकला. बेटाने हिलरी क्लिंटन यांना पसंती दिली आणि निवडून आले डोनाल्ड ट्रम्प. 2024 मध्ये प्वेर्टो रिकोनेही प्रथमच असे मतदान घेतले. या कौलाने सत्ता हलत नाही हे खरे. पण ‘आम्ही इथे आहोत, आम्हालाही मत आहे’ एवढे तरी दर चार वर्षांनी कागदावर नोंदले जाते.

आता जरा आपल्या घरात डोकावू. आपल्या राष्ट्रपतींना संसदेचे आणि विधानसभांचे निवडलेले सभासद निवडतात. पण घटनेच्या 54 व्या कलमात मूळ शब्द होता ‘राज्यांच्या’ विधानसभा. गोवा त्या वेळी केंद्रशासित प्रदेश होता. 1963 च्या डिसेंबरात तेथे पहिली विधानसभा निवडली गेली. तरीही तिच्या आमदारांना राष्ट्रपतीच्या निवडणुकीत मत नव्हते. गोव्याचे खासदार तेवढे मत देत. 30 मे 1987 रोजी गोवा राज्य झाले आणि ही उणीव भरून निघाली. दिल्ली आणि पाँडिचेरी यांच्या आमदारांसाठी 1992 साली सत्तरावी घटनादुरुस्ती करावी लागली. लक्षद्वीपला विधानसभा नाही, पण तिथला खासदार राष्ट्रपतीसाठी मत देतो. गुआमलाही प्रतिनिधिगृहात एक प्रतिनिधी आहे. तो समितीत मत देऊ शकतो. विधेयकावर शेवटचे मत पडते तेव्हा मात्र त्याचा हात खालीच राहतो.

गुआमचे गाऱ्हाणे दूर व्हायचे तर दोनच वाटा आहेत. एक तर त्याने राज्य व्हावे, नाही तर घटना दुरुस्त व्हावी. दुरुस्तीला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मते लागतात आणि पन्नासांपैकी 38 राज्यांची मान्यता लागते. ज्यांना मत आहे, त्यांनी मन मोठे केल्याशिवाय ज्यांना मत नाही त्यांना ते मिळायचे नाही.

शिक्षकबंधूंना एक सुचवावेसे वाटते. नागरिकशास्त्राच्या तासाला नकाशावर गुआम दाखवा आणि मुलांना विचारा, मत माणसाचे असते की जमिनीचे? मुले भांडतील. भांडू द्या. आणि तास संपताना त्यांना एवढे सांगा की, आपल्या गावात मतदानाच्या दिवशी जो घरी बसून राहतो, त्याच्याजवळ जे आहे ते मागण्यासाठी त्या बेटावरची माणसे न्यायालयापर्यंत गेली होती.