कॅमेऱ्यालाही हवी सावली!

भर उन्हात कॅमेऱ्याचा स्क्रीन दिसेनासा होतो आणि अंदाजाने काढलेला फोटो नेमका बिघडतो. त्यावरचा उपाय दुकानात नाही, घरातल्या जुन्या लग्नपत्रिकेत आहे!

मे महिना. दुपारचे साडेबारा. अंगणात पाट मांडलाय, नवरी बसलीय आणि ऐंशी पार केलेली आजी थरथरत्या हातांनी नातीच्या गालाला हळद लावतेय. फोटो काढण्याची जबाबदारी कॉलेजात जाणाऱ्या भाच्याकडे. त्याने कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या स्क्रीनमध्ये पाहिलं, तर तिथे आजी नाही न् नवरीही नाही... दिसतोय स्वतःचाच घामेजलेला चेहरा आणि वरचं लख्ख आभाळ!

‘फोटो काळा येतोय,’ असं समजून त्याने उजेड दोन घरं वाढवला आणि धडाधड बटण दाबलं. संध्याकाळी घरात बसून फोटो पाहिले, तेव्हा सगळे गप्प झाले. आजीचं पांढरं पातळ म्हणजे नुसता कोरा कागद. काठ गेला, चुण्या गेल्या, नवरीचा अर्धा गालही उजेडात विरघळला. आता आजीला कोण म्हणणार, ‘परत एकदा हळद लाव’?

असा प्रसंग कमीअधिक फरकाने घरोघरी घडतो. कधी शाळेच्या मैदानावरच्या शर्यतीत, कधी कोकणातल्या किनाऱ्यावर, तर कधी भिगवणला रोहित पक्षी पाहताना होडीत. दोष दिला जातो कॅमेऱ्याला. खरा गुन्हेगार मात्र असतो ऊन!

स्क्रीन खोटं का बोलतो?

भर दुपारी उघड्यावर पडणारा सूर्यप्रकाश सुमारे १ लाख लक्स असतो. रात्री दिवा लावलेल्या खोलीत तो साधारण १०० ते ३०० लक्स भरतो. म्हणजे फरक शेकडो पटींचा. घरात झगझगीत वाटणारा स्क्रीन अंगणात दिवसा लावलेल्या समईसारखा दिसतो, तो यामुळेच.

त्यात भर पडते काचेची. साधी काच समोरून आलेल्या प्रकाशाचा सुमारे ४ टक्के भाग आरशासारखा परत फेकते. ४ टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. पण उजळ आभाळाचे ४ टक्के म्हणजे स्क्रीनच्या स्वतःच्या उजेडाशी बरोबरी करण्याइतका प्रकाश! तो चित्रावर पसरला, की आधी गडद भाग बुडतात. केस, सावल्या, काळ्या साडीवरची नक्षी दिसेनाशी होते. चित्र फिकट आणि अंधुक वाटू लागतं. मग फोटो काढणारा उजेड वाढवतो आणि पांढऱ्या रंगातले बारकावे कायमचे जातात. रात्री नेमकं उलट होतं. अंधारात तोच स्क्रीन फार उजळ वाटतो आणि फोटो काळे येतात.

जुन्या मंडळींची युक्ती

हा त्रास नवा नाही. लाकडी पेटीच्या कॅमेऱ्यात मागच्या धुरकट काचेवर चित्र उमटत असे, तेही उलटं! ते नीट दिसावं म्हणून फोटोग्राफर डोक्यावरून काळं कापड ओढून घेई. पुढे १९२९ साली रोलिफ्लेक्स कॅमेरा आला. त्याच्या माथ्यावर चार पाकळ्यांची घडीची झडप होती. ती उघडली, की काचेभोवती आपोआप सावली धरली जाई. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाय व्यारावाला याही रोलिफ्लेक्स वापरत.

मग १९९५ साली कॅसिओचा क्यूव्ही-१० हा डिजिटल कॅमेरा बाजारात आला. त्याच्या पाठीवर १.८ इंचांचा स्क्रीन होता. काढलेला फोटो तिथल्या तिथे पाहण्याची सोय झाली, पण काळं कापड मात्र मागे राहिलं! डोळा लावून पाहायची खिडकी असलेल्या कॅमेऱ्यात थोडी सुटका होते. मोबाईलमध्ये मात्र ती नाही. रांगणाऱ्या बाळाचा किंवा रांगोळीचा फोटो खाली वाकून घ्यायचा, तर स्क्रीनवाचून गत्यंतर नसतं.

पुठ्ठ्याची पेटी, पाऊण तासाचं काम

खिडकीवर छज्जा असतो, तसाच छज्जा स्क्रीनला चारही बाजूंनी द्यायचा. सामान सगळं घरातलं : जाड लग्नपत्रिका किंवा बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा, काळा कागद, डिंक, कात्री, पट्टी आणि परकराला लावतात तसलं इलॅस्टिक.

काळा कागद चकचकीत नसावा. चकचकीत काळा रंगही उजेड परतवतो. काळ्या मखमलीचा तुकडा मिळाला तर उत्तमच, कारण तिच्या बारीक केसांत उजेड अडकून पडतो.

आधी स्क्रीनची चौकट मोजावी. ३ इंची स्क्रीन बहुतेक कॅमेऱ्यांत सुमारे ६.४ सेंटीमीटर रुंद आणि ४.२ सेंटीमीटर उंच असतो. कडा धरून ७ बाय ५ सेंटीमीटर घ्यावेत. आता २५.५ सेंटीमीटर लांब व ८ सेंटीमीटर रुंद अशी पट्टी कापावी. तिच्यावर ७, १२, १९ आणि २४ सेंटीमीटरवर रेषा आखाव्यात. उरलेला दीड सेंटीमीटर चिकटवण्यासाठी.

पट्टी सपाट असतानाच आतल्या बाजूला काळा कागद चिकटवावा; पेटी झाल्यावर हात आत जात नाही. रेषांवरून शाई संपलेलं बॉलपेन दाबून फिरवलं, की घड्या सरळ पडतात. मग चारही बाजू दुमडून टोक चिकटवावं. वर डोळा लावायची खिडकी किंवा उजवीकडे बटणं आड येत असतील, तर तेवढा भाग कापून टाकावा. काचेला चरे पडू नयेत म्हणून स्क्रीनकडच्या कडेला मऊ कापडाची पट्टी लावावी.

वरच्या आणि खालच्या बाजूला, दोन्ही टोकांशी एकेक भोक पाडावं. वरच्या भोकातून इलॅस्टिक काढून कॅमेऱ्याच्या पुढून, लेन्सला टाळून, खालच्या भोकात गाठ मारावी. दुसऱ्या टोकालाही तसंच. स्क्रीनवर थेट चिकटपट्टी लावू नये. तिचा डिंक काचेवर राहतो.

वापरताना हे जपा

डोळा पेटीला टेकवू नये, साधारण २५ सेंटीमीटर दूर ठेवावा. चाळिशी लागली असेल, तर वाचायचा चष्मा हवाच. पांढऱ्या सदऱ्याचं प्रतिबिंब पेटीतूनही काचेवर पडतं, म्हणून त्या दिवशी गडद कपडे बरे. पोलराइज्ड गॉगल उतरवावा. त्यातून स्क्रीन काही कोनांत अगदी काळा दिसतो. आणि ऊन थेट पाठीमागून पेटीत शिरत असेल, तर स्वतःच्या अंगाची सावली तिच्यावर घ्यावी.

चित्र मोठं दिसावं म्हणून पेटीला भिंग लावण्याचा मोह मात्र टाळावा. लहानपणी भिंगाने कागद कसा जाळायचा, हे सगळ्यांना ठाऊक आहे. उन्हात विसरलेल्या पेटीत कागदाच्या जागी स्क्रीन असेल! मोबाईलसाठी हीच पेटी त्याच्या मापाने करता येते. पण मोबाईल उन्हात तापला, की स्वतःच स्क्रीनचा उजेड कमी करतो. म्हणून दोन फोटोंच्या मधे त्याला सावलीत ठेवावं.

कॅमेऱ्यात हिस्टोग्रामचा आलेख असेल, तर तोही पाहावा. डोंगर उजव्या भिंतीला जाऊन आदळला असेल, तर पांढरे भाग बहुधा हातचे गेले. स्क्रीन उन्हात फसवेल, आलेख फसणार नाही. पण तो आलेख दिसायलाही सावली लागतेच!

कार्याच्या आदल्या दिवशी पेटी बसवून, भर उन्हात दहा-बारा फोटो काढून घरात तपासावेत. अंगणात पाहिलेलं आणि घरात पाहिलेलं चित्र जुळलं, की काम फत्ते. पत्रिका तर प्रत्येक घरात पडून असतात. त्यातली एक कापली गेली तर काय बिघडलं? पुढच्या हळदीला आजीच्या पातळाचा काठ तरी फोटोत दिसेल.