अडकलेला स्वर : मिडी-पद्धतीतील एक दोष व त्याचे निवारण

संगणकाच्या साहाय्याने संगीतरचना करणाऱ्यांस एक विलक्षण अनुभव वारंवार येतो. वादन संपते, पट्टीवरील बोट उचलले जाते, तरीही एखादा स्वर अखंड वाजतच राहतो. पावसाळ्यात पेटीची पट्टी फुगून दबलेली राहते व सूर बोलत राहतो, तसाच हा प्रकार वरवर पाहता वाटतो. परंतु पेटीचा दोष लाकडात असतो. पट्टी वर उचलली किंवा भाता थांबविला की सूरही थांबतो. संगणकातील अडकलेल्या स्वरास भाता नाही, आणि दबलेली पट्टीही नाही. त्याचे मूळ संदेशवहनाच्या रीतीत आहे, व ती रीत ध्यानी घेतल्यावाचून उचित उपाय निवडता येत नाही.

विद्युत्-वाद्ये परस्परांस जोडण्याकरिता जी संकेतपद्धती सर्वत्र रूढ आहे, तिला मिडी असे म्हणतात. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतील एका वाद्यप्रदर्शनात प्रॉफेट-६०० हे अमेरिकन वाद्य व ज्युपिटर-६ हे जपानी वाद्य या पद्धतीने जोडून दाखविण्यात आले. अमेरिकेचे डेव्ह स्मिथ व जपानचे इकुतारो काकेहाशी यांचा या कार्यात प्रमुख वाटा होता. मिडीच्या तारेतून ध्वनी जात नाही, केवळ आज्ञा जातात. पट्टी दाबताच 'स्वरारंभा'ची आज्ञा निघते. तीत आज्ञेचा प्रकार व वाहिनीचा क्रमांक, स्वराचा क्रमांक (० ते १२७, पियानोचा मध्य 'सी' म्हणजे ६०) आणि आघाताचा वेग एवढेच असते. पट्टी सुटताच 'स्वरविरामा'ची दुसरी, सर्वस्वी स्वतंत्र आज्ञा निघते.

स्वर किती काळ वाजावयाचा, हे पहिल्या आज्ञेत कोठेही सांगितलेले नसते. याला योजकांचे अनवधान म्हणणे अन्यायाचे होईल. वादकाने पट्टी दाबली त्या क्षणी तो ती केव्हा सोडणार, हे त्यालाही निश्चित ठाऊक नसते. मग यंत्रास कोठून कळावे? यास्तव ग्राहक वाद्य विरामाची आज्ञा येईपर्यंत निष्ठेने स्वर धरून ठेवते. ती आज्ञा वाटेत हरवली, अथवा भलत्याच पत्त्यावर गेली, की स्वर अडकतो.

संगणकाच्या पडद्यावर मात्र स्वर हा ठराविक लांबीच्या पट्ट्यासारखा अखंड दिसतो, आणि येथेच पुष्कळांची फसगत होते. वाजविताना त्या एका पट्ट्याची पुन्हा दोन आज्ञांत फाळणी होते. रचनेचा तुकडा मधोमध कापला, किंवा स्वर चालू असता वाहिनी बदलली, तर या जोडीची ताटातूट होण्याचा संभव असतो. पट्टीबदलाचे उदाहरण विशेष बोधप्रद आहे. पट्टी दोन अर्धस्वरांनी चढवून वादकाने ६० क्रमांकाची पट्टी दाबली असता वाद्यास ६२ चा आरंभ मिळतो. बोट तसेच असता पट्टी पूर्ववत् केली, तर बोट उचलताना विराम ६० चा जातो. ६२ तसाच वाजत राहतो. काळजीपूर्वक रचलेली प्रणाली कोणता क्रमांक प्रत्यक्ष धाडला याची नोंद ठेवते व विराम त्याच क्रमांकास देते. चांगल्या व सामान्य प्रणालींतील भेद अशाच ठिकाणी दिसतो.

कित्येकदा विरामाची आज्ञा यथास्थित पोहोचते, परंतु पेडल दाबलेले असते. पेडलची स्थिती ६४ क्रमांकाच्या नियंत्रकाने कळविली जाते. त्याचे मूल्य ६४ वा अधिक असल्यास पेडल दाबलेले समजतात. पेडल सोडल्याची आज्ञा हरवली म्हणजे एक नव्हे, सारेच स्वर लोंबत राहतात. पियानोसारख्या नादात हा दोष लपतो, कारण तो नाद आपोआप क्षीण होत जातो. ऑर्गन किंवा व्हायोलिनवृंदाच्या नादात तो तत्काळ उघडकीस येतो.

आता निवारण. स्वर ओळखता आला तर त्याच वाहिनीवर तीच पट्टी पुन्हा दाबून सोडावी. बहुधा एवढ्याने भागते. न भागल्यास प्रणालीतील 'पॅनिक' ही कळ योजावी. तिच्यामागे सामान्यतः दोन आज्ञा असतात, आणि त्यांतील अंतर जाणणे अगत्याचे आहे. नियंत्रक १२३ सर्व स्वरांस विराम देतो, पण पेडल दाबलेले असल्यास त्याचा मान राखतो. म्हणून पेडलमुळे लोंबणारा स्वर त्याने थांबत नाही. नियंत्रक १२० मात्र ध्वनीच तत्क्षणी बंद करतो. काही वाद्ये या दोहोंसही दाद देत नाहीत. तेव्हा १६ वाहिन्यांवरील १२८ स्वरांस, म्हणजे २०४८ वेळा, एकेक विराम धाडावा लागतो. मिडीच्या मूळ तारेचा वेग सेकंदास ३१,२५० द्विमान अंक आहे. तीन भागांची एक आज्ञा जाण्यास ०.९६ सहस्रांश सेकंद लागतो. सर्व मिळून सुमारे दोन सेकंद. ध्वनिमुद्रणगृहात हा काळ नगण्य होय, रंगमंचावर मात्र तो फार दीर्घ भासतो.

तार अकस्मात निसटल्यास कोणतीच आज्ञा पोहोचू शकत नाही. त्यासाठी एक ऐच्छिक योजना आहे : प्रेषक वाद्य दर ३०० सहस्रांश सेकंदांच्या आत 'मी आहे' असा संकेत पाठविते, आणि तो थांबताच ग्राहक वाद्य आपण होऊन स्तब्ध होते. ही सोय सर्व वाद्यांत आढळत नाही.

शेवटी एक इशारा. प्रतिध्वनी उत्पन्न करणाऱ्या साधनात ध्वनीचा परतावा शंभर टक्के ठेवलेला असेल, तर नाद तेथेच फिरत राहतो. ऐकणाऱ्यास तो अडकलेल्या स्वरासारखाच वाटतो, परंतु कितीही विराम धाडले तरी तो शमत नाही. कारण मूळ स्वर केव्हाच थांबलेला असतो. अशा वेळी वाद्याची वाहिनी न चाचपता त्या साधनाचा परतावा कमी करावा.