गाडी न थांबता रस्ता कसा बदलते?

चौक सर्वांना ठाऊक आहे. एका बाजूची गाडी निघाली की दुसऱ्या बाजूची थांबते. पण एक्सप्रेस-वेवर मध्येच थांबून चालत नाही. मग एका रस्त्यावरची गाडी दुसऱ्या रस्त्यावर जाणार कशी? त्यासाठी जे बांधतात त्याला इंटरचेंज म्हणतात.

हा प्रश्न आता आपल्या चामटोलीच्या जवळ आला आहे. बदलापूरची लोकसंख्या २००१ साली लाखाच्या आत होती, ती २०११ साली पावणेदोन लाखांच्या घरात गेली. वडोदरा-मुंबई एक्सप्रेस-वेचा भोज ते मोरबे हा टप्पा बदलापूरच्याच बाजूला आहे. त्यातले जोडबोगदे चार किलोमीटरांहून लांब असून ते माथेरानच्या डोंगराखालून आहेत. समृद्धी महामार्गाचा शेवटचा भाग ५ जून २०२५ रोजी खुला झाला. तो आपल्याच जिल्ह्यात, भिवंडी तालुक्यातील आमणे येथे संपतो.

इंटरचेंजमध्ये एक रस्ता पुलावरून जातो, दुसरा खालून. डावीकडे वळणे सोपे. अडचण उजवीकडे वळणाऱ्याची, कारण त्याला समोरच्यांना आडवे जावे लागते. अमेरिकेतील आर्थर हेल यांनी १९१६ साली चार पाकळ्यांच्या आकृतीचे पेटंट घेतले. तिच्यात उजवीकडे जाणाऱ्याने पूल ओलांडायचा नि मग डावीकडे पाऊण वर्तुळ फिरायचे. आम्ही मैदानावर फक्कीने तशी आकृती आखून चालून पाहिले. उजवीकडे जायला डावीकडे वळायचे हे उलटेच वाटते, पण कुणी कुणाला आडवे येत नाही. फक्त एक पाकळी संपते तिथेच दुसरी सुरू होते, म्हणून शिरणारे नि निघणारे एकमेकांत मिसळतात. गर्दी वाढली की तिथेच खोळंबा होतो. जिथे एक रस्ता दुसऱ्याला येऊन मिळतो, तिथे चार पाकळ्या लागत नाहीत. तिथला नकाशा तुतारीसारखा दिसतो.

माझी आजी विचारते, “एवढी जमीन कशाला रे खातो हा?” त्याचे उत्तर गणितात आहे. पुलाखाली साडेपाच मीटर मोकळी उंची ठेवायची. तुळयांची नि वरच्या स्लॅबची जाडी धरून रस्ता सुमारे सात मीटर चढवावा लागतो. तीस मीटरला एक मीटर असा चढ धरला, तर ७ × ३० = २१० मीटर झाले. तेही एकाच बाजूला! भरलेल्या ट्रकला याहून उभा चढ जड जातो. वळणही मोठे घ्यावे लागते, आणि त्याची बाहेरची कड थोडी उंच ठेवतात, नाहीतर वेगातली गाडी बाहेर फेकली जाईल.

हा चढ बहुतेक ठिकाणी मातीच्या भरावाचा असतो. वीतभर थर टाकायचा, पाणी मारायचे, रोलर फिरवायचा, मग पुढचा थर. पण भराव म्हणजे एक मोठा बांधच की! भातशेतीच्या बांधाला मोरी ठेवली नाही तर काय होते, ते इथल्या पालकांना सांगायला नको. जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणी दरम्यान, आपल्या गावाजवळच अडकली होती. हजाराहून जास्त प्रवाशांना बोटींनी व इतर मार्गांनी बाहेर काढावे लागले.

म्हणून सखल भागात भरावाच्या आधी पाण्याचा हिशोब करतात. ओढे कुठून येतात, मोठ्या पुरात पाणी किती चढते, हे पाहून मोऱ्यांची रुंदी ठरवतात. म्हाताऱ्या माणसांना विचारून भिंतीवरची पुराची खूणही मोजतात. बांधल्यावर दरवर्षी पावसाळ्याआधी त्या मोऱ्यांतला गाळ काढावा लागतो. गाळाने भरलेली मोरी असून नसल्यासारखीच.