मंगोलियाची पहिली अध्यक्षीय निवडणूक : मत गृहीत धरणाऱ्यांना उत्तर

मंगोलिया हा बौद्ध परंपरेचा देश. 1930च्या दशकात तिथल्या कम्युनिस्ट राजवटीने शेकडो विहार उद्ध्वस्त केले, हजारो लामांना ठार मारले. 1990च्या मार्चमध्ये राजधानी उलानबातारच्या सुखबातार चौकात लोकशाहीवादी तरुण उपोषणाला बसले आणि एकपक्षीय सत्ता नमली. पुढे 1992च्या संविधानाने अध्यक्ष थेट जनतेने निवडावा असे ठरवले. मात्र उमेदवार देण्याचा अधिकार संसदेत जागा असलेल्या पक्षांनाच राहिला.

पहिली निवडणूक 6 जून 1993 रोजी झाली. उमेदवार दोनच. पुन्सालमागीन ओचिरबात 1990पासून अध्यक्ष होते, पण त्यांना संसदेने निवडले होते. या वेळी त्यांच्याच सत्ताधारी पक्षाने त्यांना डावलून पक्षाच्या मुखपत्राचे संपादक लोदोनगीन तुदेव यांना उमेदवारी दिली. तेव्हा दोन विरोधी पक्षांनी मिळून ओचिरबात यांना उभे केले.

सत्ताधारी पक्षाने वर्षभरापूर्वीच संसदेच्या 76पैकी 70 जागा जिंकल्या होत्या. तरीही ओचिरबात सुमारे 58 टक्के मते घेऊन विजयी झाले. पक्षाचा शिक्का मतदाराने अंतिम मानला नाही.

25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी भिक्खू संघातील ठराव आणि मतदानाच्या पद्धतीची आठवण करून दिली होती. राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, हेही त्याच भाषणात बजावले होते. आपल्या वस्त्यांची मते आज गट-तट पाहून गृहीत धरली जातात. ती तशी धरू द्यायची का, हे आपणच ठरवायचे आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!