किरणोत्सर्गी राख व तिचे परिणाम

शस्त्राचा घाव डोळ्यांस दिसतो. परंतु कांहीं घाव असे असतात कीं, ते होतांना कळत नाहींत व पुष्कळ वर्षांनीं प्रकट होतात. अणुस्फोटाच्या राखेचा घाव याच जातीचा होय. तो कसा होतो, हें आम्ही प्रशांत महासागरांतील रोंगेलाप बेटाच्या हकीकतीवरून वाचकांस सांगणार आहों.

रोंगेलाप हें मार्शल द्वीपसमूहांतील पोंवळ्यांचें बेट. बॉस्टनच्या ज्या अमेरिकन बोर्डाचे मिशनरी १८१३ सालीं मुंबईस येऊन पोंचले, त्याच बोर्डानें १८५७ सालीं या द्वीपसमूहांतहि शुभवर्तमान नेलें. तेथील लोक भाविक. मासे व नारळ यांवर त्यांचा निर्वाह.

ता. १ मार्च १९५४ रोजीं पहाटें, तेथून सुमारें १०० मैलांवरील बिकिनी बेटापाशीं अमेरिकन सरकारनें हायड्रोजन बाँबची चांचणी केली. हिरोशिमावर टाकलेल्या बाँबच्या सुमारें हजारपट त्याचें सामर्थ्य होतें. पोंवळ्यांच्या खडकाचें पीठ होऊन तें आकाशांत उडालें, व किरणोत्सर्गी द्रव्यांसह वाऱ्यानें पूर्वेकडे वाहून गेलें. कांहीं तासांनीं रोंगेलापवर पांढरी भुकटी पडूं लागली. ती काय आहे हें कोणासच ठाऊक नव्हतें. मुलें तींत खेळलीं. ती पिण्याच्या पाण्यांतहि पडली. लवकरच लोकांच्या अंगास खाज सुटली व ओकाऱ्या होऊं लागल्या. दोन दिवसांनीं त्यांस तेथून हलविण्यांत आलें. पुढें कातडीवर व्रण उठले, केंस गळले.

हे व्रण बरे झाले. तथापि खरा अपाय आंत झाला होता. गलगंडाच्या संबंधानें आयोडिनचें नांव आमच्या वाचकांनीं ऐकलें असेल. गळ्यांतील थायरॉइड ग्रंथि शरीराच्या वाढीचें नियमन करिते, व त्यासाठीं अन्नपाण्यांतून आयोडिन ओढून घेते. राखेंत किरणोत्सर्गी आयोडिन होतें. साधें कोणतें व घातक कोणतें, हा भेद ग्रंथीस करितां येत नाहीं. मुलांची ग्रंथि लहान, म्हणून तिजवरील मारा अधिक. हें आयोडिन दर आठ दिवसांनीं निम्मे होत जाऊन लवकरच नाहींसें झालें. परंतु केलेली हानि राहिली. १९६३ सालीं एका मुलीच्या गळ्यांत पहिली गांठ आढळली. स्फोटाच्या वेळीं जीं मुलें दहा वर्षांच्या आंतील होतीं, त्यांपैकीं बहुतेकांस पुढें या ग्रंथीचा विकार जडला. दोन मुलांची वाढ खुंटली.

दुसरें द्रव्य सीझियम. तें निम्मे होण्यास तीस वर्षें लागतात. पोंवळ्यांच्या जमिनींत पोटॅशियम थोडें असतें. म्हणून माड त्याच्या जागीं त्याच्यासारखेंच असलेलें सीझियम शोषून घेतो, व तें नारळांत उतरतें. बेट राहण्यास योग्य आहे, असें सांगून १९५७ सालीं लोकांस परत नेलें. डॉक्टर दरवर्षीं येऊन त्यांचें रक्त तपाशीत. परंतु आपणांस स्पष्ट कांहींच सांगत नाहींत, अशी लोकांची तक्रार होती. शेवटीं १९८५ सालीं ते आपण होऊनच ‘रेनबो वॉरियर’ या जहाजांतून बेट सोडून गेले.

त्या मुलांस कोणी आगाऊ सांगितलें असतें, तर तीं त्या भुकटींत खेळलीं नसतीं. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कित्येक पुढें शास्त्रज्ञ व डॉक्टर होतील. त्यांनीं एवढें स्मरावें कीं, ज्ञान मिळविणें हें अर्धें कर्तव्य होय. ज्याच्या जिवाशीं तें निगडित आहे, त्यास तें वेळेवर व खरेपणानें सांगणें, हें उरलेलें अर्धें.